दिग्रसच्या वेबसाइटी बिघडल्या हो!

ऐकलंत का? आपल्या दिग्रसमधल्या एका मंगल कार्यालयानं नवी वेबसाइट काढली आणि तिच्या पहिल्या पानावर मालकांचा फोटोच नाही. हात जोडलेला नाही, फेटा बांधलेला नाही, गॉगलवाला तर नाहीच नाही. उघडली की हॉलचा एक फोटो, खाली किती पाहुणे मावतात, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत, फोन लावायचं एक बटण, आणि भाडं. हो, भाडं! चारचौघांत, आकड्यात, उघड्यावर. भाडं असं सांगतात का कुठं? भाडं विचारायला माणूस आला पाहिजे, त्याला ‘बसा ना, बोलू’ म्हटलं पाहिजे, चहा झाला पाहिजे, मुलगी कुणाची, सोयरीक कुठली हे निघालं पाहिजे, आणि मग माणूस बघून आकडा निघाला पाहिजे. ही रीत. आता घाटंजीत बसलेला कुणीही अनोळखी इसम अंगठ्यानं आपलं भाडं वाचतो. अब्रूच राहिली नाही.

आधीची साइट काय नटलेली होती! उघडायचा अवकाश, सनई सुरू. दवाखान्याच्या रांगेत उघडली तरी सनई, मयतीला गेलेल्या माणसाचं बोट चुकून लागलं तरी सनई. वर लाल अक्षरांत ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ ही पट्टी सरकत राहायची. दोन्हीकडं समया, मधोमध गरगर फिरणारा गणपती, वरून गुलाबपाकळ्या, आणि अगदी तळाशी आकड्यांचं मीटर: ‘आपण ८४,२१२ वे पाहुणे आहात.’ मीटर मुळात सुरूच चौऱ्याऐंशी हजारांपासून केलं होतं ही आतली गोष्ट. शून्यापासून सुरू केलं असतं तर लोक काय म्हणाले असते?

आणि त्या सरकत्या पट्टीला हसू नका, तिचं घराणं मोठं आहे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतला लू मोंटुली नावाचा माणूस मित्रांबरोबर बारमध्ये बसला होता. तिथं अक्षरं उघडझाप करायला लागली तर काय मजा येईल असा विनोद झाला, आणि त्यांच्यातल्या एका इंजिनिअरनं रात्रीतून ती सोय खरंच करून ठेवली. बारमधला विनोद जगभर लुकलुकायला लागला. मग मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सरकती पट्टी आणली. उघडझाप फायरफॉक्सनं २०१३ मध्ये बंद केली. पट्टी आजच्या नियमांत कालबाह्य ठरली आहे, पण जुनी पानं मोडू नयेत म्हणून ब्राउझर अजून तिला चालवून घेतात. म्हणजे अधिकृतपणे काडीमोड, तरी नांदतेय. अशी गुणी पट्टी नवी साइट करणाऱ्या पोरानं काढून टाकली!

पोरगं इथलंच. शिकायला पुण्याला गेलं आणि बिघडून परत आलं. मालकांना त्यानं पहिल्यांदा साइट दाखवली, तेव्हाचा संवाद आता गावाला तोंडपाठ आहे.

‘कायले एवढी जागा रिकामी सोडली बे?’

‘डोयाले आराम पायजे ना काका.’

‘आराम घरी करतीन लोकं. तू पैसे त पुरे घेतले ना?’

काकांचं काय चुकलं सांगा. आपल्याकडं जाहिरात म्हणजे फ्लेक्स आणि फ्लेक्सचा हिशेब चौरस फुटावर. फुटाफुटाचे पैसे मोजले की फुटाफुटावर चेहरा बसलाच पाहिजे. वरच्या रांगेत दिवंगत, मग नेते, मग सत्कारमूर्ती, खाली शुभेच्छुकांची दाटीवाटी. फ्लेक्सखालून मोटारसायकलवर जाणाऱ्याला काही विचारायचं नसतं. वाढदिवस कुणाचा आणि आपला माणूस कितव्या रांगेत, एवढं दिसलं की तो पुढं जातो. साइटवर येणारा मात्र डोक्यात प्रश्न घेऊन येतो. आमच्या तारखेला हॉल मिळेल का? वऱ्हाडाची बस आत वळेल का? जनरेटर आहे का? तो उत्तर शोधत असतो आणि मधे शुभेच्छुक उभे असतात.

पोरगं म्हणतं, रिकामी जागा वाया जात नाही, ती काम करते. जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एकाच कुटुंबातल्या समजतो, हे माक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ सालीच जर्मनीत बसून लिहून ठेवलंय. भाड्याच्या आकड्याला चिकटून ‘वीजबिल वेगळे’ लिहिलं तर पाहुण्याला कळतं. तीच ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकली तर भांडण मांडवात होतं. आता मांडवातलं भांडण मिटवायला चार प्रतिष्ठित माणसं लागतात, त्यांचा मान होतो, ही बाजू वेर्थहायमरनं विचारात घेतलेली दिसत नाही.

या बिघाडाचे सूत्रधार परदेशी आहेत हे तर उघडच आहे. डेन्मार्कचे याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये संगणकाचा पडदा माणसाशी कसा वागावा याची दहा कलमं मांडली: काय चाललंय ते सांगत राहा, माणसाला माघार घेता येऊ दे, त्याला नीट कळेल अशा भाषेत चूक दाखव, वगैरे. वर ते असंही म्हणतात की लोकांचा बहुतेक वेळ दुसऱ्यांच्याच साइटवर जातो, तेव्हा तुमची साइट त्या इतरांसारखीच चालली पाहिजे. ऐका! आपण एवढे पैसे घालून काढायची आणि तिनं शेजारणीसारखं वागायचं! याच नील्सन यांच्या संस्थेनं २००६ मध्ये २३२ लोकांचे डोळे पान वाचताना कुठं फिरतात ते टिपलं, तर लोक वरच्या दोन ओळी कशाबशा आडव्या वाचतात आणि मग डाव्या कडेनं घसरत खाली जातात. आपण ‘आमच्या कार्यालयाची उज्ज्वल परंपरा’ म्हणून सहा परिच्छेद लिहून घेतले होते. गुरुजींकडून. तेही शाल-श्रीफळ देऊन.

अमेरिकेतल्या स्टीव्ह क्रग यांनी २००० साली अख्खं पुस्तकच लिहिलं, त्याचा गोषवारा एवढाच की वापरणाऱ्याला विचार करायला लावू नका. आपल्याकडं त्यासाठी पुस्तक लागत नाही, पण असो. आणि आयआयटी मुंबईत १९६९ पासून डिझाइन शिकवायचं केंद्र आहे हे ऐकल्यावर तर आम्ही कपाळाला हात लावला. हा रोग इतका जुना, आणि दिग्रसला आत्ता पोचला!

मात्र एका बातमीनं जुन्या पक्षाला धीर आला होता. जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या दोघांनी १९९५ मध्ये पैसे काढायच्या यंत्राच्या पडद्याच्या २६ मांडण्या लोकांना दाखवल्या. दिसायला देखण्या मांडण्या लोकांना वापरायलाही सोप्या वाटल्या. बघा! म्हणजे नटणं हवंच! काकांनी हे पानटपरीवर चार वेळा सांगितलं. मग कुणीतरी ‘वाटल्या’ या शब्दावर बोट ठेवलं. सोप्या वाटल्या, खरोखर किती सोप्या होत्या, त्याच्याशी त्या वाटण्याचा संबंध फार थोडा निघाला होता. देखणेपणामुळं माणूस थोडी अडचण सोसून घेतो, एवढंच. कॅनडातल्या ओटावाच्या एका संशोधनात तर असं दिसलं की पान ५० मिलिसेकंद दाखवलं तरी माणूस ते आवडलं की नाही ते ठरवून टाकतो. एवढ्या वेळात गणपतीचा अर्धा फेराही होत नाही.

पण खरा प्रकार तर पुढंच आहे. साइट सुरू करायच्या आधी त्या पोरानं पाच माणसं गोळा केली. पाचच, कारण नील्सन म्हणतात पाच जणांतच बहुतेक अडचणी बाहेर पडतात. आणि कोण बोलावली? एक ऑटोवाला, बाजार समितीतला एक हमाल, कॉलेजची एक पोरगी, एक निवृत्त गुरुजी (शाल-श्रीफळवाले नव्हे, दुसरे) आणि खुद्द मालकांच्या विहीणबाई. एकेकाच्या हातात फोन दिला आणि म्हणाला, ‘१४ मेले हॉल मोकया हाये का, तेवढं पाहून सांगा.’ आणि मग हा पठ्ठ्या गप्प. मदत नाही, इशारा नाही, वही घेऊन नुसता बघत बसला. विहीणबाईंसमोर!

विहीणबाईंनी हॉलच्या फोटोवर तीनदा बोट दाबलं. फोटोला जाडजूड चौकट होती, त्यामुळं तो दाबायचा वाटत होता, आणि दाबला तर काहीच होत नव्हतं. खरं बटण खाली होतं, ते फिक्या राखाडी अक्षरांचं. त्यांना ते सूचनेची ओळ वाटलं. काकांना राहवेना. ‘अवो, खाली पाहा ना, खाली!’ पोरानं त्यांना हातानंच थांबवलं. काकांनी त्या दिवशी मुलाच्या सासूला फोनशी झटताना गप्प राहून पाहिलं. घरी काय झालं ते आम्ही विचारलेलं नाही. विचारायचं मनात फार होतं.

मग गुरुजी. त्यांना तारखांचं पान सापडलं, तिथं मोकळ्या तारखा हिरव्या आणि बुक झालेल्या लाल. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘सगळ्या एकाच रंगाच्या आहेत की.’ त्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, हे तीस वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेल्या गावाला त्या दिवशी कळलं. हा दोष पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. पोरानं रात्रीतून प्रत्येक तारखेखाली ‘मोकळी’ आणि ‘बुक’ असं अक्षरांत लिहिलं.

कॉलेजच्या पोरीनं सगळं अर्ध्या मिनिटात केलं आणि ती निघून गेली, तिचा काही उपयोग झाला नाही. हमालदादांनी मात्र मुद्द्याचं विचारलं: ‘तारीख त दिसली, पन मुहूर्त हाये का त्या दिवशी?’ कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लग्नघरातलं माणूस आधी मुहूर्त धरतं, तारीख त्याच्या मागून येते. आता त्या साइटवर मुहूर्ताच्या दिवसांवर वेगळी खूण आहे. नेटस्केप, नील्सन, जपान, कुणालाही हे सुचलं नसतं. तरी आमचं म्हणणं कायम आहे की हमालाला विचारून साइट बनवणं बरं दिसत नाही.

काका म्हणाले, ‘विहीणबाई नापास झाल्या म्हनून त लिहिलं नाही ना तुनं वहीत?’ पोरगं म्हणालं, ‘नापास बटण झालं काका.’

बटण मग मोठं आणि गडद झालं. त्यासाठीही म्हणे माप असतं. ॲपल सांगतं बोट लागायची जागा किमान ४४ पॉइंट हवी, गूगलचं अँड्रॉइड ४८ मागतं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच दाखवलं होतं की लक्ष्य लहान आणि दूर असेल तर तिथं पोचायला वेळ जास्त लागतो. हे कळायला मानसशास्त्रज्ञ लागला हेच आश्चर्य. अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातल्या फरकालाही जागतिक नियम आहे: साध्या मजकुरासाठी किमान साडेचारास एक. जुन्या साइटवरची पिवळी अक्षरं पांढऱ्या पाटीवर होती. एसीत बसून लॅपटॉपवर ती सोनेरी दिसायची. वैशाखात यवतमाळ जिल्ह्याच्या उन्हात, ओरखडे पडलेल्या स्क्रीनगार्डखाली, ती दिसायचीच नाहीत. पोरगं फोन घेऊन भर दुपारी बाजार समितीच्या आवारात उभं राहून वाचत होतं. लोकांना वाटलं ऊन लागलं.

आणि घाई तर बघा! मालकांच्या फोटोग्राफरनं दिलेला आठ एमबीचा फोटो त्यानं दाबून दाबून इतका लहान केला की बिचारा ओळखू येईना, असं फोटोग्राफर सांगत फिरतो. कारण काय, तर गूगलनं २०१६ मध्ये जाहीर केलं होतं की पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मोबाइलवरचे निम्म्याहून जास्त लोक निघून जातात. तीन सेकंद! ज्या गावानं वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची वाट बघण्यात वर्षंच्या वर्षं घालवली, त्याला तीन सेकंद थांबवत नाही म्हणे. घंटीबाबांच्या यात्रेच्या गर्दीत नेट बसतं, तेव्हा तर आपण फोन खिशात ठेवून गप्पा मारतो. ती मजाही घालवणार ही पोरं.

फोटोंवरून तर महाभारत झालं. काकांची तडजोड अशी होती की माझा एकट्याचा नको, पण सात मान्यवरांचे फोटो वर आळीपाळीनं फिरू द्या. पोरानं नोत्र दाम विद्यापीठाची हकीकत काढली. तिथल्या एरिक रन्यन यांनी २०१३ मध्ये मोजून पाहिलं, तर फिरत्या फोटोंवर टिचकी मारणारे शंभरात जेमतेम एक, आणि त्यातल्याही बहुतेकांच्या टिचक्या पहिल्याच फोटोवर. झालं! आता पहिला फोटो कुणाचा? दुसऱ्या नंबरवरच्या मान्यवरांना आपण दुसरे आहोत हे कळलं तर? आणि चौथ्या नंबरावर काकांचे मामा होते. मामांना कुणीच बघणार नाही हे आता विद्यापीठानं सिद्ध केल्यावर त्यांना तिथं कसं ठेवायचं? सातही फोटो ‘आमच्याविषयी’ या पानावर एकाच ओळीत, वर्णानुक्रमे गेले. वर्णानुक्रमावरूनही एक जण रुसलाय.

त्यातही एक खोच. प्रत्येक फोटोला म्हणे त्यात काय आहे ते शब्दांत लिहून ठेवायचं असतं, दृष्टिहीन माणसाला फोन वाचून दाखवतो म्हणून. आपल्या सरकारनंही सरकारी साइटींसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, त्यांतही हा आग्रह आहे. पोरानं लिहिलं: ‘पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ हात जोडून उभे आहेत.’ काका कडाडले: ‘एक गृहस्थ? गावात मले कोनी गृहस्थ म्हनते का बे?’

मजकुराचं तेच. जुनी साइट म्हणजे लग्नपत्रिकेचं चित्र होतं, अक्षरं सगळी त्या चित्रात. दिसायला झोकदार, पण शोधायला गेलं तर गूगलला त्यात ओ की ठो दिसायचं नाही, आणि फोनवर मोठं करून वाचायचं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये पान पडद्याच्या मापानं आपोआप जुळवून घ्यायची युक्ती लिहिली, ती चित्रातल्या अक्षरांना लागू पडत नाही. पोरानं सगळं युनिकोडमध्ये टाइप केलं. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण ज्या मंगल अक्षरांत मराठी वाचली ती र. कृ. जोशींनी काढलेली, हे त्याच्याकडूनच कळलं. ओळींमध्ये अंतर वाढवलं, कारण इंग्रजीच्या मापानं ओळी ठेवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. शिवाय पानाला ‘ही भाषा मराठी’ असं आतून सांगून ठेवलं तर चांगल्या फाँटमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदीचे. हे मात्र आम्हाला आवडलं. उघडपणे सांगणार नाही.

साथ आता पसरत चाललीय. एका कृषी सेवा केंद्रानं भाव बघायला आधी नाव, मोबाइल, गाव, एकरी किती हे विचारणं बंद केलं. भाव आधी, नाव नंतर. उलट्या टोकाचे चावटही आहेतच. एका शिकवणीच्या पानावर प्रवेशाचा चौकोन बंद करायला गेलं की बटणावर लिहिलेलं: ‘नको, मला नापास व्हायचंय.’ दुसऱ्या एका ठिकाणी ‘फक्त २ जागा शिल्लक’, दिवाळीतही दोन, होळीतही दोनच. अशा फसव्या चालींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला तेरा प्रकारांची यादी काढून बंदी घातली आहे. लाजवून गळ घालणं आणि खोटी घाई करणं, दोन्ही त्या यादीत आहेत. यावर गावात कुणी ब्र काढला नाही. रिकाम्या जागेवर मात्र अजून चर्चा चालू आहे.

आणि ताजी खबर अशी की त्या पोराचं स्वतःचंच लग्न ठरलंय. पत्रिका छापली नाही, साइट काढली. दोघांची नावं, मुहूर्त, नकाशा. संपलं. निमंत्रक नाहीत, व्यवस्थापक नाहीत, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बालमंडळी नाही. आत्याबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. आईनं जेवणाचं ताट समोर ठेवून विषय काढला. शेवटी पोरगं नमलं आणि खाली एक बटण आलं: ‘सर्व निमंत्रक’. दाबलं की यादी उलगडते.

कोण कुठं बोट दाबतं ते त्याला मागून दिसतं ना, तर सांगतो काय, नकाशा मोजक्या लोकांनी उघडला, मुहूर्तावर कुणी थांबलंच नाही. अख्खं गाव सरळ त्या शेवटच्या बटणावर. यादीत कुणाचं नाव कुणाच्या वर आहे हेच सगळ्यांना बघायचं होतं. पोरानं ते बटण आता सगळ्यात वर आणलंय, चांगलं मोठं आणि गडद करून.

धाकट्या मावशीचं नाव राहिलंय म्हणे.